डिड आल्यावर वेंट कशाला?

रात्रशाळेत भूतकाळ शिकवायला एक सोय असते. समोर बसलेल्या प्रत्येकाचा दिवस होऊन गेलेला असतो. सकाळच्या शाळेत साडेसातला 'आज काय काय केलंस?' असं इंग्रजीत विचारलं तर मूल सांगणार काय? उठलो, दात घासले, आलो. आमच्याकडे संध्याकाळी घंटा होते तेव्हा कुणी दिवसभर लेथवर उभा राहून आलेला असतो, कुणी चार घरची धुणीभांडी उरकून, कुणी इमारतीच्या गेटवरची दिवसपाळी संपवून. सांगण्यासारखं प्रत्येकाकडे काही ना काही असतं. ते इंग्रजीत सांगायचं म्हटलं की मात्र दातखीळ बसते.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. त्या वर्गात आणि आमच्या परळच्या वर्गात एक गोष्ट नक्की सारखी असणार, ती म्हणजे दमून आलेले विद्यार्थी. गिरण्या होत्या तेव्हा या भागातल्या रात्रशाळांत गिरणी कामगार येत. आता गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिलेत आणि त्या टॉवरमध्ये राबणारे लोक आमच्या बाकांवर येऊन बसतात. एकाच बाकावर सोळा वर्षांचा मुलगा आणि त्याच्या आईच्या वयाच्या ताई. सगळे मला बाई म्हणतात, मी ताईंना ताई म्हणते. आठवी ते दहावीचं इंग्रजी माझ्याकडे. साधा भूतकाळ खरोखरच साधा आहे यावर यांच्यातल्या कुणाचाच पहिल्या दिवशी विश्वास बसत नाही.

त्याचं खापर मी तक्त्यावर फोडते. गो-वेंट-गॉन, सी-सॉ-सीन, टेक-टुक-टेकन. आधीच्या शाळेतून हा तक्ता बहुतेकांनी पाठ करून आणलेला असतो आणि तो ठेक्यात म्हणून दाखवतातही. पण 'येताना वाटेत काय पाहिलंस?' असं इंग्रजीत विचारा, उत्तर येतं, 'आय सी ॲक्सिडेंट.' सॉ त्याला येत नाही असं नाही. सी म्हटल्याशिवाय सॉ ओठांवर येत नाही, एवढंच. शिवाय तो तक्ता एबीसीडीच्या क्रमाने लावलेला. तो क्रम छापणाऱ्याच्या सोयीचा. मी ती क्रियापदं खानदानांप्रमाणे लावून घेते. सिंग-सँग, रिंग-रँग, ड्रिंक-ड्रँक एका घरातली. बाय-बॉट, ब्रिंग-ब्रॉट, कॅच-कॉट, टीच-टॉट, थिंक-थॉट दुसऱ्या घरातली. ब्लो-ब्लू, ग्रो-ग्रू, थ्रो-थ्रू, नो-न्यू तिसऱ्या. कीप-केप्ट आणि स्लीप-स्लेप्ट यांची चाळ वेगळी. कट, पुट, हिट, शट ही मंडळी कुठल्याही काळात तीच राहतात. तिथे युक्ती उलट्या बाजूने लढवावी लागते. 'ही पुट द की ऑन द टेबल' हे वाक्य कालचं आहे हे कशावरून ओळखायचं? पुटला एस नाही यावरून. रोजचं असतं तर 'ही पुट्स' झालं असतं. हे उमगलं की वर्गात एक समाधानाचा हुंकार उमटतो. नसलेल्या अक्षरावरून काळ पकडता आला, याचं त्यांना अप्रूप वाटतं.

'बाई, गोचं गोड का नाही होत?' हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी वर्ग हसतो. मी विचारते, 'तू काल गावाला जातलास का?' मग आणखी हशा. जातो आणि गेला ही मुळात दोन वेगळ्या धातूंची पोरं. जा हा संस्कृतातल्या 'या'चा, गेला हा 'गम्'पासून आलेल्या 'गत'चा. इंग्रजीतही तसंच झालं. वेंट हे वेंड नावाच्या एका जुन्या क्रियापदाचं रूप, ते गोच्या संसारात येऊन राहिलं. मग फळ्यावर आपलीच यादी निघते: करतो-केलं, देतो-दिलं, घेतो-घेतलं, येतो-आला, मरतो-मेला, सांगतो-सांगितलं, खातो-खाल्लं. नियमाने बसतो-बसला, पळतो-पळाला असं चाललेलं आणि मध्येच ही वाकडी मंडळी. ताईंपैकी एक म्हणाल्या, 'आमची नात करलं म्हणते, बाई. मी नाही करलं.' इंग्रजांची लहान मुलंही तेच करतात, काही काळ गोड म्हणतात आणि मग सुधारतात. करलं म्हणणारं मूल चुकत नसतं, नियम लावत असतं. मला तर ते हुशारीचं लक्षण वाटतं.

दोन्हीकडे वाकडी क्रियापदं रोजच्या वापरातलीच निघतात. जाणं, येणं, करणं, देणं, खाणं, म्हणणं. ती इतक्यांदा तोंडी येतात की त्यांना सरळ व्हायला सवडच मिळत नाही. इंग्रजीत अशी दीडशे-दोनशे क्रियापदं उरलीत. काही आपणहून रांगेत आली. हेल्पचं जुनं रूप होल्प होतं, ते कधीच मागे पडलं. आणि नवं क्रियापद आलं की इंग्रजी त्याला डोळे मिटून ई-डी लावतं. गुगल आलं, गुगल्ड झालं. आपली तऱ्हा नेमकी उलटी. नवा शब्द आला की आपण त्याच्यामागे करणे लावतो: रिचार्ज केला, फॉरवर्ड केलं, स्कॅन केलं. म्हणजे मराठीत येणारं प्रत्येक नवं काम आपल्या सगळ्यात वाकड्या रूपावर बसून भूतकाळात जातं. हे वर्गाला सांगितलं तेव्हा मोबाइलच्या दुकानात काम करणारा मुलगा म्हणाला, 'मग इंग्रजीच बरं की.'

बरंच आहे, आणि ते पोळीभाजीच्या केंद्रात काम करणाऱ्या ताईंनी माझ्याआधी ओळखलं. मराठीत 'मी चहा केला, मी भाजी केली, मी वरण केलं'. क्रियापद कर्त्याला विचारत नाही, कर्माच्या लिंगावचनाप्रमाणे चालतं. कर्मणी प्रयोग. पुन्हा 'तो गेला, ती गेली, ते गेले'. त्यांनी वहीत ओळीने लिहिलं: आय मेड टी, आय मेड भाजी, आय मेड वरण, शी मेड, दे मेड. मग मान वर करून विचारलं, 'एवढंच?' एवढंच. फक्त वॉज आणि वेअर सांभाळायचं. मराठीचा हा सगळा खटाटोप जन्मभर न चुकता करणाऱ्या बाईला इंग्रजीच्या भूतकाळाची भीती वाटावी, हे शिकवणाऱ्यांचं पाप आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

रूपांनंतर उच्चार. वॉकेड, स्टॉपेड, वॉशेड. स्पेलिंग दिसतं तसं वाचायचं ही देवनागरीने लावलेली चांगली सवय इथे आडवी येते. पण मदतीलाही मराठीचाच तास येतो. व्यंजनसंधीत विपद् अधिक काल मिळून विपत्काल होतं. पुढे कठोर व्यंजन आलं की मागचं मृदू व्यंजन कठोर होतं. इंग्रजीत हीच गोष्ट उलट दिशेने घडते, मागचं पुढच्याला बदलतं. क्रियापदाच्या शेवटी क, प, फ, स, श, च यांच्यासारखा कठोर आवाज असेल तर ई-डीचा ट होतो: वर्क्ट, स्टॉप्ट, लाफ्ट, मिस्ट, वॉश्ट, वॉच्ट. नसेल तर ड: क्लीन्ड, ओपन्ड, कॉल्ड, प्लेड. आणि शेवटी मुळातच ट किंवा ड असेल तर दोन सारखे आवाज एकमेकांवर आपटतात, म्हणून मध्ये एक इ घुसते: वाँटिड, वेटिड, नीडिड. मी सगळ्यांना गळ्यावर बोट ठेवायला लावते. स म्हणा, गळा गप्प. झुरळातला झ म्हणा, गळा थरथरतो. मोठी माणसं आधी लाजतात, मग वर्गभर गळ्याला बोटं लावून स-झ, फ-व सुरू होतं. बाहेरून जाणारे शिपाईकाका खिडकीतून बघून जातात.

१९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने लहान मुलांना अर्थ नसलेले शब्द देऊन पाहिले होते. हा माणूस रिक करतो, त्याने काल काय केलं? मुलांनी बिनदिक्कत रिक्ट म्हटलं. कधीही न ऐकलेल्या शब्दाला त्यांनी बरोबर ट लावला, ड नाही. मी तोच खेळ वर्गात खेळते, शब्द मुलांनीच बनवायचे. प्लिकचं प्लिक्ट, ब्लुमचं ब्लुम्ड, झोटचं झोटिड. शब्दाला अर्थच नसल्यामुळे चुकण्याची लाजही नाही. एका मुलाने आमच्या मुख्याध्यापकांच्या आडनावाचं क्रियापद करून त्याचा भूतकाळ केला होता. उच्चार अचूक होता, त्यामुळे रागावता आलं नाही.

इथवर सगळं आठवड्याभरात होतं. खरी कुस्ती पुढे असते, आणि ती रूपांशी नसते. मराठी भूतकाळाची हद्द जिथे पडते तिथे इंग्रजीची पडत नाही. तक्ता कितीही पाठ करा, ही हद्द त्यात कुठे आखलेली नसते.

पहिला वाद डिडचा. 'डिड यू वेंट?' 'आय डिड नॉट वेंट.' दहावीच्या पेपरातली ही नेहमीची चूक. पण ही चूक येते कुठून ते बघा. मराठीत 'तू गेलास' याचा प्रश्न करायला नुसता 'का' लावायचा: तू गेलास का? नकाराला 'नाही': मी गेलो नाही. क्रियापद जागचं हलत नाही, भूतकाळ त्याच्याच अंगावर राहतो. मराठी डोकं साहजिकच वेंट तसंच ठेवतं आणि डिडला 'का'च्या जागी बसवतं. इंग्रजीत मात्र डिड आलं की भूतकाळ त्याच्याकडे जातो आणि क्रियापद मूळ रूपात परततं. वर्गात यासाठी एक घोषणा ठरली आहे, 'एका तिकिटाला एकच पंच.' बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर तिकिटाला पंच करायचा ते ताईंना आठवतं, पोरांना समजावून सांगावं लागतं. आता कुणी 'डिड नॉट केम' म्हटलं की मागच्या बाकावरून आवाज येतो, 'दोन पंच!' फळ्यावर नियम लिहून जे साधलं नाही ते या ओरडण्याने साधलं.

आणि मग कुणीतरी हुशारी करून होकारार्थी वाक्यातही डिड घालतं: 'आय डिड कम्प्लीट द वर्क.' तसं इंग्रजीत म्हणतात, पण जोर द्यायला. हे मला वॉचमन काकांच्या निमित्ताने नीट सांगता आलं. त्यांच्या इमारतीत रात्री मागचं फाटक उघडं सापडलं आणि ठपका यांच्यावर. सोसायटीचे सेक्रेटरी इंग्रजीत फैलावर घेणारे. काकांनी मला विचारलं, 'बाई, मी कुलूप लावलं होतं म्हणजे होतंच, हे कसं सांगायचं?' मी म्हटलं, 'आय डिड लॉक द गेट.' डिडवर आवाज चढवायचा. तो 'च' आहे. काकांनी ते वाक्य वर्गात पाचसहा वेळा म्हणून पाहिलं, दर वेळी डिड अधिकच खणखणीत. बाकीच्यांनाही आपापली अशी वाक्यं सुचायला लागली. मी पैसे दिलेच होते. मी फोन केलाच होता. खोटं पाडलं जाण्याचा अनुभव त्या वर्गात सगळ्यांना आहे. डिडचा हा उपयोग पुन्हा शिकवावा लागला नाही.

दुसरा वाद मोठा. 'काल मी पुण्याला गेलो होतो' हे इंग्रजीत सांगा. नवशिका म्हणतो, 'आय वॉज गो टू पुणे.' होतो म्हणजे वॉज, हिशेब सरळ आहे. क्लास लावलेला म्हणतो, 'यस्टरडे आय हॅड गॉन टू पुणे.' त्याला वाटतं आपण फार शुद्ध बोललो. नामांकित कंपन्यांतले साहेबलोकही ईमेलमध्ये हेच लिहितात. इंग्रजीला इथे नुसतं वेंट पुरतं.

या गोंधळाला नावं जबाबदार आहेत असं मला वाटतं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ चं. एकोणिसाव्या शतकात मराठी व्याकरणं लिहिली जात होती तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर होता. काळांची साधा, अपूर्ण, पूर्ण अशी मांडणी झाली, आणि गेलो होतो हा पूर्ण भूतकाळ ठरला. तिकडे हॅड गॉनलाही पूर्ण भूतकाळच म्हणतात. नावं जुळली म्हणून मुलं समजतात की कामंही जुळली. दुसऱ्या एका तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांपासून हे चालत आलं असणार.

पण मराठी माणूस गेलो होतो कधी म्हणतो? जाऊन परत आला की. 'बाबा पुण्याला गेले' म्हणजे बाबा अजून तिकडेच आहेत. 'बाबा पुण्याला गेले होते' म्हणजे आता घरात आहेत. होतेमध्ये परतीचा प्रवास आहे, झालेली गोष्ट आता मिटली असा भाव आहे. इंग्रजीचं वेंट परतीची फिकीर करत नाही. त्याला फक्त कधी ते हवं: काल, चार वाजता, गेल्या दिवाळीत. हॅड गॉनला मात्र भूतकाळातली दुसरी एक घटना लागते, जिच्या आधी हे घडलं. दोन घटना नसतील तर हॅड बिनकामाचं. उलट बाजूला, 'बाबा ऑफिसला गेले' या साध्या मराठी वाक्याला इंग्रजीत बहुतेकदा हॅज गॉन लागतं, कारण ते आत्ता घरात नाहीत. म्हणजे आमचा साधा त्यांचा साधा नव्हे, आणि आमचा पूर्ण त्यांचा पूर्ण नव्हे.

हे मी मराठीतच शिकवते. इंग्रजीचा तास इंग्रजीतूनच झाला पाहिजे असं म्हणणाऱ्यांशी माझं इथे जमत नाही. 'जेवलास का?' या रोजच्या प्रश्नाला इंग्रज हॅव यू ईटन म्हणेल, अमेरिकन डिड यू ईटही म्हणून जाईल. ही गंमत मुलांना कळायची तर आधी स्वतःच्या वाक्यात काय दडलंय ते दिसावं लागतं. आणि मराठी भूतकाळ तर कधी कधी पुढचंही सांगतो. बस लांब दिसली की 'आली, आली!' हाक मारली की 'आलो!' निघायच्या आधीच 'चल, मी निघालो.' एका कॅफेत काम करणाऱ्या मुलाने परदेशी गिऱ्हाइकाने बोलावल्यावर तत्परतेने 'आय केम, आय केम!' म्हटलं होतं. तो हे सांगत होता तेव्हा अर्धा वर्ग हसला आणि अर्ध्याला त्यात काय चुकलं ते कळेना. त्या दिवशीचा तास तिथेच गेला.

लेथवरच्या मुलाच्या सुपरवायझरने गेल्या पावसाळ्यात फतवा काढला, पाळीचा रिपोर्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर इंग्रजीत टाकायचा. मुलगा वही घेऊन आला. पहिला खर्डा असा: 'मशीन वॉज स्टॉप. आय डिड कॉल टू फिटर. फिटर डिड नॉट केम.' मागून 'दोन पंच' झालंच. मी पेन हातात घेतलं नाही. नुसतं विचारत गेले. मशीन कधी बंद पडलं? तू काय केलंस? फिटर आला का? त्याने खोडून पुन्हा लिहिलं: 'द मशीन स्टॉप्ट ॲट फोर. आय कॉल्ड द फिटर. ही डिड नॉट कम. आय कॉल्ड अगेन ॲट फाइव्ह. ही केम ॲट सिक्स.' आखूड वाक्यं, प्रत्येकात घड्याळ, आणि कुणाचा वेळ कुठे गेला ते आपोआप उघड. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण तो म्हणाला, 'बाई, फिटर येईपर्यंत मी बसून नव्हतो. मशीन पुसून ठेवलं होतं. इथे हॅड लागेल ना? दोन गोष्टी आहेत, आणि माझी आधीची.' लागेलच. 'व्हेन ही केम, आय हॅड क्लीन्ड द मशीन.' संपूर्ण रिपोर्टात एकच हॅड, तेही स्वतःच्या कामापुढे.

रिपोर्ट वर्गातूनच गेला. तास संपायच्या आत सुपरवायझरचं एका शब्दात उत्तर आलं: 'नोटिड.' पोराने मोबाइल माझ्यापुढे धरला. 'शेवटी ट आहे म्हणून इड, ते कळलं. पण नोट कुणी केलं, बाई? करणारा कुठाय?' मी म्हटलं, हा भूतकाळ नाही, हे तिसरं रूप आहे, ते पुढच्या आठवड्यात. तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, 'दिसतं तर सेम.'